दार उघडणे आणि घर बांधणे : नागसेनवनाची गोष्ट



आजच्या भागात एका कॉलेजच्या जन्माची गोष्ट सांगणार आहे. कॉलेज मराठवाड्यातले आहे. तरी सुरुवात कोलकात्यापासून करतो. एक तर निवृत्तीनंतर मी इथे राहतो. आणि दुसरे म्हणजे, कॉलेज नेमके कोणासाठी असते हा प्रश्न या शहरात दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथे संस्कृत कॉलेज आहे, १८२४ मध्ये सुरू झालेले. सरकारी पैशाने चालणारे हे कॉलेज सुरुवातीला फक्त ब्राह्मण आणि वैद्य या दोन जातींच्या मुलांसाठी होते. १८५१ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर तिथे प्राचार्य झाले आणि त्याच वर्षी त्यांनी कायस्थांच्या मुलांना प्रवेश मिळवून दिला. कॉलेजातल्या पंडितांचा विरोध होता, तो त्यांनी सोसला. पुढे आणखी काही ‘प्रतिष्ठित’ मानलेल्या जातींना आत घेतले गेले. पण १८५५ मध्ये सुवर्णवणिक समाजातल्या मुलाचा प्रश्न आला, तेव्हा विद्यासागरांनीही हात आखडता घेतला. विधवाविवाहासाठी अख्ख्या बंगालशी भांडणारा हा माणूस. दार एकेका जातीसाठी इंच इंच उघडत होते, आणि ते किती उघडायचे हे आत बसलेले लोक ठरवत होते.

त्याच १८५५ साली, त्याच परिसरात प्रेसिडेन्सी कॉलेज सुरू झाले. तिथे जातीची अट नव्हती. नियमापुरता प्रश्न सुटला. मग १९११ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यातला, एका लहान दुकानदाराचा मुलगा तिथे शिकायला आला. नाव मेघनाद साहा. पुढे ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावणारे समीकरण मांडून जगात नाव कमावणारे ते हेच. वर्गात त्यांना जागा मिळाली. पण ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये काही विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर एका खोलीत जेवायला नकार दिला. कॉलेजचे दार उघडे होते, जेवणघराचे नव्हते.

मंडळी, आजचा सगळा मुद्दा या दोन घटनांच्या मधोमध आहे. दार उघडणे ही एक गोष्ट आणि घर बांधणे ही वेगळी गोष्ट. दार कायद्याने उघडता येते. पण आत आलेल्या मुलाला खाट, ताट, दिवा, पुस्तक आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा मास्तर मिळाला नाही, तर तो उघड्या दारातून परत जातो. ज्यांना हे लवकर कळले त्यांनी दारावर धडका देत असतानाच दुसरीकडे स्वतःचे घरही बांधायला घेतले.

अमेरिकेत हे ठळकपणे घडले. तिकडची गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथली गुलामी मोडायला झीज सोसली. पुण्यात बसून जोतिराव तिकडची यादवी आणि इकडची जात एका नजरेने पाहत होते.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. दक्षिणेकडच्या बहुतेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे युद्धाआधी गुन्हा होता. आता चाळीस लाख माणसे मोकळी झाली होती आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांना अक्षर येत होते. मिसुरी राज्यातून उभी राहिलेली कृष्णवर्णीय शिपायांची एक पलटण, बासष्टावी इन्फन्ट्री, तेव्हा टेक्सासमध्ये तळ ठोकून होती. संध्याकाळी या शिपायांना अक्षरे शिकवली जात. पलटण मोडायची वेळ आली तेव्हा जवानांना प्रश्न पडला : आता घरी गेल्यावर पुढचे कोण शिकवणार? मग त्यांनी पगारातून वर्गणी काढली. साध्या शिपायाला महिन्याला तेरा डॉलर मिळत. या पलटणीने सुमारे पाच हजार डॉलर जमवले, पासष्टाव्या पलटणीने आपली भर घातली आणि सप्टेंबर १८६६ मध्ये जेफरसन सिटी या गावी लिंकन इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज ती विद्यापीठ आहे. फौजेत उभा जन्म काढल्यावर सांगतो, निवृत्त होताना जवान घराच्या कौलांचा, पोरीच्या लग्नाचा, बैलजोडीचा विचार करतो. त्यांनी कॉलेजचा विचार केला.

दुसरे उदाहरण टस्कीगीचे. अलाबामा राज्य, कापसाचा मुलूख, अगदी खेडेगाव. लुईस अ‍ॅडम्स हा पूर्वीचा गुलाम, हुन्नरी कारागीर. निवडणुकीत कृष्णवर्णीयांची मते हवी असलेल्या उमेदवाराशी त्याने सरळ सौदा केला : मते देतो, शाळा द्या. राज्याने वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन, इमारत, बाके यांसाठी एक पैसा नाही. ४ जुलै १८८१ रोजी बुकर टी. वॉशिंग्टन या तरुण शिक्षकाने तीसेक विद्यार्थ्यांना घेऊन चर्चशेजारच्या एका खोपट्यात वर्ग भरवला. छप्पर इतके गळके की पावसात एक विद्यार्थी मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. मग पाचशे डॉलरना एक पडीक मळा घेतला, शंभर एकरांचा. इमारतीसाठी विद्यार्थ्यांनीच विटा पाडल्या. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकले, आणि ती भट्टी जमली.

या दोन गोष्टींत चार धागे आहेत : फौज, राजकीय सौदा, खेडे आणि स्वतःच्या हाताने केलेले बांधकाम. हेच चार धागे आता आपल्याकडे दिसतील.

पहिला धागा फौजेचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. छावणीतच का, हा प्रश्न मात्र कमी विचारला जातो. त्यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत हेडमास्तर होते. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सक्ती होती. गावातल्या शाळेच्या ओट्यावर ज्यांना चढू देत नव्हते, त्यांच्या घरात छावणीमुळे पाटी आली. अस्पृश्य समाजातली पहिली लिहिती-वाचती पिढी मोठ्या प्रमाणात या पलटणींतून निघाली. बाबासाहेबांनी स्वतः हे ऋण लिहून ठेवले आहे.

मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ नावाचे खूळ काढले आणि महारांची भरती बंद केली. आमच्याकडे याकडे नोकरी गेली एवढ्याच अर्थाने पाहिले जाते. खरे तर नोकरीबरोबर शाळाही गेली. एका शिक्क्यानिशी पुढच्या पिढीचा शिक्षणाचा रस्ता बंद झाला. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त शिपायांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला, बेळगावात.

नुकसान किती झाले याचा हिशेब खुद्द बाबासाहेबांनी मांडला. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे वाचून दाखवले. दर दोन लाख लोकसंख्येमागे कॉलेजात शिकणारे किती? प्रगत हिंदू १,०००. मुसलमान ५२. मध्यम जाती १४. आणि मागासवर्ग? शून्य, किंवा फार तर एक. तो एक कसा असतो, हे भाषण करणाऱ्याला चांगले माहीत होते.

त्याच महिन्यात, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ती दार उघडण्याची लढाई होती. पण घर बांधायचे काम तिच्याआधीच सुरू झाले होते. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात तिचे वसतिगृह निघाले. सभेचे पहिले मोठे काम वसतिगृह असावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहांची रांग उभी केली होती, तीही याच जाणिवेतून. खेड्यातला मुलगा शाळेच्या फीमुळे अडत नाही. शहरात कोणी त्याला खोली देत नाही, खानावळीत ताट देत नाही, तिथे तो अडतो. मेघनाद साहांची गोष्ट आठवा.

आता दुसरा धागा, राजकीय सौद्याचा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्ध चालू होते, इंग्रजांना सगळ्यांची गरज होती. अशा वेळी काय मागावे? त्यांनी सरकारपुढे जे निवेदन ठेवले त्यात अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज देशभर लाखो मुले जी शिष्यवृत्ती घेतात, तिचे मूळ इथे आहे.

शिष्यवृत्ती म्हणजे रसद. पण रसद पोहोचवायला तळ लागतो. तो तळ म्हणजे ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झालेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ ला, तिचे पहिले कॉलेज मुंबईत सुरू झाले, सिद्धार्थ कॉलेज. जागा कुठली? मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकी. युद्ध संपले होते, बराकी रिकाम्या पडल्या होत्या, त्यांत वर्ग भरले. ज्या समाजाला पलटणीतून बाहेर काढले होते, त्याचे पहिले कॉलेज पलटणीच्या बराकीत भरावे, याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा. वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे. पहिले प्राचार्य होते अश्वत्थामाचार्य बाळाचार्य गजेंद्रगडकर, संस्कृतचे गाढे पंडित, एल्फिन्स्टन कॉलेजचे माजी प्राचार्य. कोलकात्याच्या संस्कृत कॉलेजात पंडितांनी दार अडवले होते. मुंबईत एका पंडिताने ते स्वतः उघडून धरले.

त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. संविधान सभेच्या निवडणुकीत बाबासाहेबांना मुंबईतून निवडून येण्याइतके बळ नव्हते. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून जोर लावला आणि जुलै १९४६ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने त्यांना संविधान सभेवर पाठवले. आम्ही कोलकात्याचे मराठी लोक ही आठवण थोड्या अभिमानाने सांगतो. पुढे फाळणीमुळे ती जागा गेली आणि मुंबईतून त्यांना पुन्हा निवडून आणावे लागले, तो वेगळा विषय.

दुसरी गोष्ट एका पत्राची. साधारण त्याच सुमारास बाबासाहेबांनी अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज गेला होता, त्याची प्रत त्यांना हवी होती. जुलैच्या अखेरीस उत्तर आले. ड्यू बॉइस हे स्वतः अशाच एका कॉलेजचे विद्यार्थी, टेनेसी राज्यातल्या फिस्कचे. आणि बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. तिकडे काय चालले आहे याची त्यांना बित्तंबातमी होती.

आता येऊ तिसऱ्या धाग्याकडे, म्हणजे खेड्याकडे. सिद्धार्थ चालू झाले, नावारूपाला आले. दुसरे कॉलेज कुठे काढायचे? पुणे सोयीचे होते. नागपुरात चळवळ भक्कम होती. त्यांनी निवडले औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

त्या काळचा मराठवाडा डोळ्यांपुढे आणा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद, असे पाच जिल्हे, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरात मराठी, शाळेत उर्दू, कागदोपत्री उर्दू. औरंगाबादेत इंटरपर्यंत शिकवणारे सरकारी कॉलेज होते. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचे. बीडच्या शेतमजुराच्या मुलासाठी हैदराबाद म्हणजे विलायतच. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान भारतात आले. राज्य बदलले, पण गावकुसाबाहेरच्या माणसाला शाळेचा रस्ता अजून दिसत नव्हता.

फौजी नजरेने पाहिले तर ही निवड समजते. ठाणे उभारायचे ते जिथे बाजारपेठ आणि पक्का रस्ता आहे तिथे नाही. जिथे कोणी पोहोचलेले नाही, आणि जिथून पुढची सगळी मोहीम चालणार आहे, तिथे. जून १९५० मध्ये कॉलेज सुरू झाले. संलग्न होते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन माणसांना मराठवाड्याची गरज एकाच वेळी दिसली होती.

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्यांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर राजीनामा दिला. म्हणजे दिल्लीत एक काम हातातून निसटत होते, तेव्हा औरंगाबादच्या माळावर दुसरे उभे राहत होते. पुढची पाच वर्षे त्यांची तब्येत ढासळत गेली, तरी या माळाकडचे लक्ष सुटले नाही.

चौथा धागा बांधकामाचा. मला इथे विटांपेक्षा शिक्षणाच्या आराखड्याबद्दल बोलायचे आहे, कारण टस्कीगी आणि औरंगाबाद यांच्यातला मोठा फरक तिथे आहे. वॉशिंग्टन यांनी भर दिला हुन्नरावर : सुतारकाम, वीटकाम, शेती. पोट भरेल, गोऱ्या शेजाऱ्याला भीती वाटणार नाही, मान हळूहळू मिळेल, असा त्यांचा विचार होता. ड्यू बॉइस यांनी याला कडाडून विरोध केला. समाजाला पुढे नेणारी माणसे विद्यापीठातून येतात, हातोडीपुरते शिक्षण देऊन त्यांना खाली ठेवू नका, असे त्यांचे म्हणणे. हा वाद अमेरिकेत अनेक वर्षे चालला.

वॉशिंग्टन यांना दोष देणे सोपे आहे. ज्या राज्यात कृष्णवर्णीय माणसाला झाडाला टांगत, तिथे कॉलेज जिवंत ठेवायचे होते. पण आपल्याकडे हुन्नर शिकवून काय होणार होते? चांभारकी, बुरूडकाम, दोर वळणे हे तर जातीनेच शिकवले होते. म्हणून औरंगाबादेत सुतारशाळा निघाली नाही. कला आणि विज्ञान शाखेचे कॉलेज निघाले : इंग्रजी, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान. ज्यांच्या घरात कोणी चौथी पास नव्हते, त्यांना थेट पदवीकडे नेण्याचा हा आराखडा होता. पायरी पायरीने या, असे सांगणारे त्या काळी पुष्कळ होते. बाबासाहेबांनी जिना वरच्या मजल्यापासून मागितला, कारण कायदे आणि हुकूम वरच्या मजल्यावर लिहिले जातात.

आणि हे कॉलेज फक्त दलितांचे नव्हते. दार सर्व जातींना खुले होते. मराठवाड्यातल्या मराठा, वंजारी, मुसलमान, ब्राह्मण घरांतली मुलेही इथे शिकली, कारण जवळ दुसरे होते कुठे? सुरुवातीच्या काळातले प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः दलित नव्हते. त्यांनी ‘युगयात्रा’ नावाचे नाटक लिहिले, शोषितांचा युगायुगांचा प्रवास मांडणारे, आणि ते कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर उभे केले. सगळ्यांना आत घ्यायचे, पण घर कोणासाठी बांधले आहे हे विसरायचे नाही, असा तो रिवाज होता. ज्यांना सगळीकडे पाहुण्यासारखे एका कोपऱ्यात बसवत, ते इथे घरचे होते.

नावही बघा. कॉलेजला पुढे नाव दिले मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. नागसेन नावाच्या भिक्खूला त्याने प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि उत्तरे पटली तेव्हा राजा असूनही ते मान्य केले. परिसराला नाव दिले नागसेनवन. म्हणजे परिसर उत्तर देणाऱ्याचा आणि कॉलेज प्रश्न विचारणाऱ्याचे. देणगीदाराचे नाव नाही, पुढाऱ्याचे नाही. हजारो वर्षे ज्यांना प्रश्न विचारायची बंदी होती, त्यांच्या मुलांनी ज्या दारातून रोज आत जायचे त्यावर प्रश्न विचारणाऱ्याचे नाव लिहिले.

या घरातून काय निघाले? मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ नियतकालिक चालवायला घेतले आणि दलित साहित्याच्या एका अख्ख्या पिढीला छापील पान मिळाले. इथे पदवी घेतलेले सुखदेव थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, म्हणजे देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या तिजोरीची किल्ली त्यांच्या हाती आली. पण मला मोठ्या नावांपेक्षा दुसरी माणसे महत्त्वाची वाटतात. तालुक्याच्या शाळेतला गणिताचा मास्तर, बँकेतला कारकून, पोस्टमास्तर, तलाठी, नर्स. दर वर्षी शेकड्याने बाहेर पडणारी ही माणसे. एका घरात एक पगार आला की तीन भावंडे शाळेत जातात. लढाई जिंकल्याची बातमी सेनापतीच्या नावाने छापली जाते, लढलेली असते पलटणीने.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्यानंतर मराठवाड्यात जे झाले ते सांगताना आजही जड जाते. गावागावांत दलित वस्त्या जळल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षे.

मी विचार करतो, एका नावाला इतका विरोध का? लोक भावनेचे कारण सांगतात. मला वाटते त्यात नागसेनवनाचा हिशेबही होता. १९५० मध्ये जे कोणाच्या खिजगणतीत नव्हते, ते अठ्ठावीस वर्षांत अर्ज करणारे, मुलाखतीला बसणारे, नेमणुका मिळवणारे झाले होते. खोपट्यातल्या शाळेला कोणी जाळत नाही, हसतात फक्त. शाळा यशस्वी झाली की आग लागते. अमेरिकेच्या दक्षिणेतही हेच झाले : कृष्णवर्णीयांच्या शाळा जाळल्या गेल्या, मास्तरांना मारले गेले, आणि त्या राखेवर पुन्हा शाळा उभ्या राहिल्या.

एक प्रश्न मला व्याख्यानांनंतर नेहमी विचारतात. ‘सर, आता सगळी कॉलेजे सगळ्यांना खुली आहेत. मग अशा वेगळ्या संस्थांचे काम संपले नाही का?’ प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही प्रामाणिक हवे. कागदावर प्रेसिडेन्सी कॉलेज १८५५ पासून खुले होते. ताटाचा प्रश्न १९११ नंतरही उरला होता. आजही आपल्या मोठमोठ्या संस्थांमधून अशी मुले मध्येच शिक्षण सोडून घरी परततात, आणि काही तर घरीही परतत नाहीत. त्यांना प्रवेश मिळालेला असतो. वर्गात त्यांचे नाव हजेरीपटावर असते. तरी ती एकटी असतात. जोवर ‘तू इथलाच आहेस’ हे मुलाला सांगणारे कोणी सगळीकडे सापडत नाही, तोवर ते सांगणारे एक घर कुठेतरी असलेच पाहिजे.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगतो. घर बांधले की जबाबदारी संपत नाही. छप्पर शाकारावे लागते, विहीर उपसावी लागते. संस्था काढणाऱ्याची पुण्याई वारसांना जन्मभर पुरत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही तर मेस बंद पडते. मेस बंद पडली तर पहिला कोण गावी परततो? ज्याच्यासाठी कॉलेज काढले तोच. पलटणीत आम्ही लंगर आधी पाहायचो, परेड नंतर. ज्या शिक्षणसंस्थेची परीक्षा करायची असेल तिचा निकाल नंतर बघा. वसतिगृहाचे स्वयंपाकघर आणि ग्रंथालयाचा रात्रीचा दिवा आधी बघा.

आपल्यापैकी पुष्कळ जण महाराष्ट्राबाहेर राहतात. इंदूरला, बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला, इथे कोलकात्याला. सुटीत पाहुण्यांना घेऊन आपण वेरूळ-अजिंठा दाखवायला जातो. पाणचक्की होते, बीबीचा मकबरा होतो. नागसेनवन तिथून जवळच आहे. तिकीट नाही, गाइड नाही. पोरे झाडाखाली पुस्तके घेऊन बसलेली असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी चाललेली असते. अर्धा तास काढा. एखाद्याला विचारा, कुठल्या गावचा, घरात आधी कोणी शिकले आहे का. अजूनही त्यातले काही जण सांगतील, मीच पहिला.

हे उत्तर जोवर ऐकू येते, तोवर ते बांधकाम चालूच आहे असे समजा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.